सुखद धक्का आणि इतर अडचणी

मराठी कथांची इंग्रजी भाषांतरं तपासताना एक शब्दजोडी हमखास भेटते: 'प्लेझंट शॉक'. नायकाला बढती मिळते, मुलगी न कळवता अमेरिकेहून येऊन दारात उभी राहते, आणि घरादाराला प्लेझंट शॉक बसतो. भाषांतरकाराचा दोष म्हणावा तर मूळ मराठीत 'सुखद धक्का' खरोखरच असतो. आपला धक्का मुळात तटस्थ. लोकलच्या दारात लागतो, बातमीचा बसतो, आश्चर्याचाही बसतो. कसला ते विशेषण लावून सांगायचं. इंग्रजी शॉकमध्ये वाईट आधीच भरलेलं आहे. तिथे हवं 'प्लेझंट सरप्राइज'.

पण 'सरप्राइज' लिहायला मराठी हात कचरतो. कारण मराठीत आलेलं सरप्राइज केक आणि फुगे घेऊनच आलं. ते 'द्यायचं' असतं, वाढदिवसाला. शाळेतली सरप्राइज टेस्ट सोडली तर आपल्याकडे ते कायम गोड. इंग्रजीत मात्र सरप्राइज कोरं आहे. 'नॅस्टी सरप्राइज' तिथे अगदी रोजचं. म्हणजे आपल्याकडे धक्का कोरा आणि सरप्राइज गोड, त्यांच्याकडे सरप्राइज कोरं आणि शॉक कडू. शब्दाला शब्द ठेवून हे गणित सुटत नाही.

*

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत या शब्दांची शिडी असते. खालच्या पायरीवर सरप्राइज्ड, मग अमेझ्ड, अस्टॉनिश्ड, अस्टाउंडेड, आणि गच्चीवर फ्लॅबरगास्टेड. विद्यार्थी ती पाठ करतात आणि आश्चर्य मोठं असेल तसे वर चढतात.

शिडीला मोठा आधार आहे, डार्विनचा. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावप्रदर्शनावर त्याने 1872 साली जे पुस्तक काढलं, त्यातलं एक प्रकरण आश्चर्यापासून सुरू होतं. अवधान अचानक आणि तीव्र झालं की त्याचं सरप्राइज होतं, त्याचं पुढे अस्टॉनिशमेंट, आणि शेवटी बुद्धी बधिर करणारं अमेझमेंट, असा त्याचा क्रम. त्याआधी 1867 च्या सुमाराला त्याने जगभरच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना, वसाहतींत राहणाऱ्यांना एक प्रश्नावली पाठवली होती. तुमच्याकडचे लोक चेहऱ्यावर भाव कसे दाखवतात, असं विचारणारी. तिचा पहिलाच प्रश्न आश्चर्याचा: डोळे आणि तोंड उघडतं का, भुवया वर जातात का?

डार्विनची शिडी निसर्गशास्त्राला ठीक. लिहिणाऱ्याला अपुरी. धक्का किती मोठा यापेक्षा काय मोडलं, हे मी आधी विचारते. नुसती शांतता मोडली असेल तर स्टार्टल. अंदाज मोडला तर सरप्राइज. अंदाज करणारी समजूतच तोकडी पडली तर अस्टॉनिश, अमेझ. आणि माणसावरचा भरवसा किंवा बऱ्यावाइटाची कल्पना मोडली, तर शॉक. शेजारी मुलाला मारतो हे कळलं तर ते छोटं आश्चर्य किंवा मोठं आश्चर्य नसतं. तो शॉक असतो, आणि शिडीवर त्याला पायरीच नाही.

*

स्टार्टलबद्दल शास्त्रज्ञ फार काटेकोर आहेत. लँडिस आणि हंट या दोघांनी माणसांच्या पाठीमागे पिस्तुलाचा बार काढून अतिवेगवान कॅमेऱ्याने त्यांचं दचकणं टिपलं. 1939 साली त्यांचं पुस्तक आलं. दिसलं ते असं: पापण्या मिटतात, मान पुढे जाते, खांदे वर येतात, पोट आत जातं, गुडघे किंचित वाकतात. सगळं क्षणार्धात, आणि प्रत्येकाचं जवळजवळ सारखं.

पुढे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये प्रश्न विचारला की दचकणं ही भावना तरी आहे का. त्यांचा कल 'नाही' कडे होता. बार होणार हे आधी सांगितलं तरी माणूस दचकतो, दचकू नकोस म्हटलं तरी दचकतो. आश्चर्याचं तसं नाही. आधी सांगितलं की ते संपलं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते पापण्यांचं. दचकताना डोळे मिटतात, आश्चर्यात ते उघडतात. दोन शब्दांत घोटाळा झाला की पात्राच्या डोळ्यांकडे बघायचं.

*

हायडनची 94 वी सिंफनी इंग्रजीत 'सरप्राइज' म्हणून ओळखली जाते. पहिल्यांदा वाजली लंडनमध्ये, 1792 च्या मार्चमध्ये. दुसऱ्या भागात साधी, लहान मुलांना गुणगुणता येईल अशी हळू धून चालते, आणि अचानक सगळा वाद्यमेळ एक दणका देतो. डुलक्या काढणाऱ्या श्रोत्यांना उठवण्यासाठी हायडनने हे केलं अशी गोष्ट सांगतात. त्याच्या पहिल्या चरित्रकारांपैकी ग्रीझिंगरने त्याला हे विचारलंही होतं, आणि हायडनने ते नाकारलं. लोकांना काही नवं द्यायचं होतं, एवढंच.

जर्मन लोक हिला नगाऱ्याच्या ठोक्याची सिंफनी म्हणतात. म्हणजे त्यांनी कारणाचं नाव दिलं, इंग्रजांनी परिणामाचं. पण कोणत्या परिणामाचं? पहिल्यांदा ऐकणारा सरप्राइज्ड होतो आणि स्टार्टल्डही. रेकॉर्ड पाचव्यांदा लावणाऱ्याला दणका कुठे आहे हे पाठ असतं. सरप्राइज उरलेलं नसतं. तरी आवाज मोठा ठेवला असेल तर खांदे उडतातच.

*

'तो दचकला.' मराठीत दोन शब्द, कर्ता तोच, क्रियाही त्याचीच. कशाने दचकला हे सांगायचं बंधन नाही. इंग्रजीत 'ही वॉज स्टार्टल्ड' झालं की कर्मणी प्रयोग आला, आणि वाचक नकळत विचारतो, कुणी? जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत यावर छान सोय होती: 'शी स्टार्टेड'. एवढंच. डिकन्सच्या काळचा वाचक समजायचा की ती दचकली. आजचा वाचक 'काय सुरू केलं?' म्हणून पुढच्या ओळीत शोधतो. त्यामुळे मी बहुतेक वेळा 'ही जम्प्ड' सुचवते. भाषांतरकार म्हणतात, उडी कुठे मारली त्याने? उडी नाही मारली, पण इंग्रजी वाचकाला तो दचकलेला दिसतो.

*

अस्टॉनिश, अस्टाउंड आणि स्टन ही तिघं एका घरातली. जुन्या फ्रेंचमधलं 'एस्तोने', आणि त्याच्या मागे लॅटिनमधला गडगडाट, 'तोनारे'. तिघांच्याही मुळाशी मेघगर्जना आहे. म्हणजे 'थंडरस्ट्रक' हा शब्द इंग्रजीने नंतर उगाच वेगळा घडवला. घरात तोच अर्थ तीनदा पडून होता, फक्त ओळखू येत नव्हता.

आता तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत. स्टनमध्ये अजून मार शिल्लक आहे. खाटिकखान्यात जनावर कापण्याआधी बेशुद्ध करतात त्यालाही स्टन करणंच म्हणतात. म्हणून 'स्टन्ड' माणूस गप्प असतो, हलत नाही. मृत्यूची बातमी ऐकून तो स्टन्ड होईल. अस्टॉनिश्ड झाला असं लिहिलं तर मेलेल्या माणसाकडून त्याला मरण्याची अपेक्षा नव्हती, एवढाच कोरडा अर्थ निघेल. मात्र याच स्टनपासून निघालेलं 'स्टनिंग' साडी नेसलेल्या नटीला चालतं. असं का, याचं उत्तर व्याकरणाकडे मागू नये.

अस्टॉनिश सभ्य आहे. उभा राहतो, चष्मा पुसतो, बोलतो. त्याला आणि अस्टाउंडला 'व्हेरी' लावलेलं फारसं सोसत नाही. 'व्हेरी सरप्राइज्ड' चालतं, 'व्हेरी अस्टाउंडेड' कानाला खटकतं, तिथे 'ॲब्सोल्यूटली' लागतं. उलट 'माइल्डली सरप्राइज्ड' होता येतं, माइल्डली अस्टाउंडेड फक्त विनोदात. मराठीत हे काम क्रियापद करतं. आश्चर्य वाटतं, धक्का बसतो, थक्क होतो, चाट पडतो, बोटं तोंडात जातात. किती, हे तिथेच कळतं. म्हणून मराठीतून 'अतिशय थक्क झाला' आलं की मी मूळ कथेचाही कान धरते.

*

अमेझ. आधी हा शब्द, मग मेझ म्हणजे भुलभुलैया. इंग्रजीत जन्माचा क्रम असा आहे. अमेझ झालेला माणूस मूळचा वाट चुकलेला, डोकं बधिर झालेला. आपल्याकडचा दिङ्मूढ याच्या फार जवळचा, दिशांचं भान गेलेला.

1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, अटकेच्या रात्री गेथसेमाने बागेत येशू 'अमेझ्ड' होतो असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. आजच्या वाचकाला वाटेल त्याने काहीतरी विलक्षण पाहिलं. तिथे अर्थ आहे घोर व्याकुळता. पुढच्या काळातल्या भाषांतरांनी तो शब्द टाकून व्यथेचे शब्द घेतले. आपण 'अमेझिंग ग्रेस' म्हणून ओळखतो ते भजन जॉन न्यूटनने 1772 च्या अखेरीस लिहिलं, त्यातलं अमेझिंग अजून भारदस्त आहे. मग 1817 च्या अखेरीला जेन ऑस्टिनचं 'नॉर्थँगर ॲबी' बाहेर पडलं. त्यातली उथळ इझाबेला थॉर्प उठता-बसता 'अमेझिंगली' म्हणते, आणि ऑस्टिन तिला ते म्हणू देते, कारण बाई कशी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे कॉफी अमेझिंग, चप्पल अमेझिंग, हा आजच्या पोरांचा प्रताप नव्हे. दोनशे वर्षं झाली.

*

शॉक हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला तो रणांगणावरचा. दोन फौजा एकमेकींवर आदळतात, तो शॉक. तसं बघितलं तर सरप्राइजही छाप्याचाच शब्द, बेसावध शत्रूवर झडप. अलार्म तर सरळ इटालियन आरोळी, 'हत्यारं घ्या!' भावनांच्या खोलीत निम्मे शब्द तलवारी टेकवून बसले आहेत.

विजेचा शॉक अठराव्या शतकातला. लायडनच्या पीटर फान मुसेनब्रुकने 1746 मध्ये पाणी भरलेल्या बरणीत वीज साठवली आणि तिचा झटका स्वतःच अनुभवला. फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा घेणार नाही, असं त्याने पत्रात कळवलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये नोले या शास्त्रज्ञाने पंधराव्या लुईसमोर 180 पहारेकऱ्यांना हातात हात धरून उभं केलं आणि बरणीचा झटका दिला. सगळे एकदम उडाले. राजाची करमणूक झाली. पहारेकऱ्यांना काय वाटलं याची नोंद कुणाला ठेवावीशी वाटली असेल असं दिसत नाही, पण 'स्टार्टल्ड' आणि 'शॉक्ड' दोन्ही एकाच वेळी खरे असण्याचा तो दुर्मीळ प्रसंग.

पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' आला. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 1915 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो शब्द छापला. कल्पना अशी होती की तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला इजा होते. मग गोळ्याच्या आसपासही नसलेले सैनिक तसेच थरथरताना, मुके होताना दिसू लागले. शरीराचा शब्द मनाकडे सरकला तो इथे, खंदकांत.

*

इस्पितळातला शॉक वेगळाच. डॉक्टर सांगतात, 'पेशंट शॉकमध्ये गेलाय.' नातेवाईक म्हणतात, 'जाणारच, एवढं सगळं बघितलं ना त्याने.' डॉक्टर म्हणत असतात की रक्तदाब कोसळला आहे, अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, नाडी जलद आहे, हातपाय गार पडले आहेत. बेशुद्ध माणूसही या शॉकमध्ये असू शकतो. त्याला काही कळायची गरज नाही. त्यात हृदयाची लय बिघडली म्हणून छातीवर यंत्राने 'शॉक' दिला, की एका खाटेवर शब्दाचे दोन अर्थ झाले आणि बाहेर बाकावर तिसरा. वैद्यकीय मजकूर मराठीत आणताना इथे 'धक्का' लिहू नये. 'शॉक' ठेवावा आणि पुढच्या वाक्यात काय झालं ते सांगावं.

*

'शॉक्ड' म्हणणं ही कधी भावना असते, कधी भूमिका. 'कासाब्लांका' हा 1942 चा सिनेमा पाहिलेल्यांना पोलीस कॅप्टन रेनो आठवेल. इथे जुगार चालतो हे कळून आपल्याला जबर शॉक बसला, असं सांगत तो रिकचा कॅफे बंद करतो, आणि त्याच क्षणी नोकर त्याने जिंकलेले पैसे आणून हातात देतो. हीच गंमत 'सरप्राइज्ड' घालून करून पाहा. मरते. सरप्राइज्ड माणूस फक्त अज्ञान कबूल करतो. शॉक्ड माणूस स्वतःच्या सोवळेपणाची ग्वाही देतो. राजकीय पुढाऱ्यांच्या इंग्रजी निवेदनांत शॉक इतका का असतो, ते यावरून कळावं. आणि मराठी वृत्तवाहिन्यांच्या 'धक्कादायक!' वर मी बोलत नाही. कांद्याचा भावही तिथे धक्कादायक असतो.

अपॉल यापुढचा. मूळ अर्थ फिका पडणं. 'अपॉल्ड' झालेल्याला बसलेला धक्का ओसरत नाही, किळस किंवा संताप होऊन राहतो. अगास्ट थोडा जुनाट, त्यात भीती जास्त. त्याच्या लिखाणातला 'एच' भुताच्या, म्हणजे घोस्टच्या संगतीने आला.

*

कोशकारांच्या वर्तुळातली दंतकथा. बायको खोलीत येते, नवरा मोलकरणीच्या मिठीत. 'मी सरप्राइज्ड झाले!' ती म्हणते. नवरा कोशकार, तो तिला दुरुस्त करतो: 'नाही, सरप्राइज्ड मी. तू अस्टॉनिश्ड.' गोष्ट कधी सॅम्युएल जॉन्सनच्या नावावर खपते, कधी नोआ वेब्स्टरच्या, फ्रेंच लोक लित्रेच्या नावावर सांगतात. म्हणजे कुणाचीच नाही. तरी व्याकरण अचूक आहे. सरप्राइजचा मूळ अर्थ बेसावध गाठणं, आणि गाठला गेला होता तो. बाई खरं तर शॉक्ड होती, पण तो शब्द दोघांनीही टाळला.

*

'टेकन अबॅक' हा शिडांच्या जहाजांवरचा. वारा एकदम फिरतो, शिडं उलटी डोलकाठीला चिकटतात, आणि पुढे चाललेलं जहाज थबकतं. बुडत नाही, फक्त थबकतं. बोलण्यातही तेवढंच: कुणी अनपेक्षित प्रश्न विचारला, क्षणभर शब्द सापडला नाही, मग सावरलं. याला मराठीत शब्द शोधायला नको, तो आहे: चपापणे. 'पगार किती हो तुम्हाला?' असं पाहुण्याने विचारलं, तो चपापला. इथे स्टार्टल्ड नको, शॉक्ड तर मुळीच नको. मला वाटतं मराठी कथांतले निम्मे 'शॉक्ड' हे चपापलेले असतात.

हबकणे आणि हादरणे मात्र इंग्रजीत अवघड. हादरण्याला 'शेकन' चांगलं, कारण दोन्हींत धक्का होऊन गेल्यानंतरचं थरथरणं आहे. हबकण्यात भीती आहे, आणि पुढे काय करायचं ते न सुचणंही. त्याला मी अजून एकच शब्द ठरवलेला नाही. संदर्भ बघून देते, आणि भाषांतरकार वेगळा सुचवतो तेव्हा बहुधा त्याचाच ठेवते.

*

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय, हे कॉलेजात मराठी घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. कमी लक्षात राहतो तो त्रास. भरताच्या 33 व्यभिचारी भावांपैकी एक. वीज चमकली, मेघ गरजला, उल्का पडली, की त्रास. त्यात अंग आकसतं, कंप सुटतो. भय हा वेगळा, स्थायीभाव. विस्मय तिसरा, त्यात डोळे विस्फारतात, पापणी लवत नाही. पिस्तूल आणि कॅमेरा घेऊन विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी जी फारकत केली, ती नटाला शिकवण्यासाठी भरताने आधीच करून ठेवली होती. नटाला ती लागतेच. दचकायच्या जागी त्याने डोळे मोठे केले तर मागच्या रांगेतल्यालाही खोटं वाटतं.

आता मराठीत त्रास म्हणजे ॲसिडिटी आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. शब्द सुटला, स्टार्टलला संस्कृत नाव द्यायची जागा रिकामी झाली. दचकणं आहे, ते पुरे.

*

'फ्लॅबरगास्टेड' हा नव्या फॅशनचा शब्द म्हणून 1772 च्या छापील लिखाणात सापडतो. तेव्हापासून तो गमतीचाच आहे. भारतीय इंग्रजीत तो गंभीर चेहऱ्याने येतो. मॅनेजर राजीनामापत्र वाचून फ्लॅबरगास्टेड होतो. 'गॉबस्मॅक्ड' ब्रिटिश, विसाव्या शतकातला: गॉब म्हणजे थोबाड. सातारच्या आजीच्या तोंडी तो घालू नये, तिच्यासाठी साधं 'वेल, आय नेव्हर' जास्त बरं, आणि त्याहून बरं म्हणजे 'अगं बाई' तसंच ठेवणं.

'नॉनप्लस्ड'ला मी हल्ली हातच लावत नाही. लॅटिन 'नॉन प्लुस', यापुढे काही नाही, म्हणजे बोलती बंद. ब्रिटनमध्ये अजून तोच अर्थ. अमेरिकेत मात्र पुष्कळजण नेमका उलटा घेतात: ज्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही तो नॉनप्लस्ड. एका कथेच्या भाषांतरात सासरे नॉनप्लस्ड झाले होते. पुस्तक दोन्हीकडे विकायचं असेल तर सासऱ्यांची बोलती बंद झाली की त्यांना काही फरकच पडला नाही, हे लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळं वाचलं जाईल. भाषांतरकाराला मी 'स्पीचलेस' लिहायला सांगितलं. तो म्हणाला, फार साधा वाटतो. वाटू दे. सासरेही साधेच आहेत.